खुंटा कुठे रोवायचा?

कुगावच्या काठावर मे महिन्याची दुपार कलते आहे. समोर उजनी धरणाचा फुगवटा, पलीकडे इंदापूर तालुक्यातलं कळाशी. होडी टेकते आणि होडीवाला दोर खांद्यावर घेऊन गुडघाभर चिखलात उतरतो. जुना खुंटा मागे कोरड्यात उभा आहे. पाणी तिथून केव्हाच सरलंय. दगडानं ठोकत तो नवा खुंटा रोवतो. आजूबाजूला शेतकऱ्यांच्या मोटारी, केबल, पाइप पसरलेत. तेही पाण्यामागं खाली आलेत. त्या पाइपांवरून म्हाताऱ्या बायका हात धरून उतरतात. पाठोपाठ दोघं मिळून मोटरसायकल उचलतात.

"धरण मायनसमध्ये गेलंय. खुंटा बी रोज खाली सरकतो बघा," तो सांगतो.

उजनीची साठवण सुमारे 117 टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. अनेक उन्हाळ्यांत पाणी त्या मृतसाठ्याच्या पातळीखाली जातं, तेच हे 'मायनस'; काठ दूर पळतो आणि उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर सुरू होते.

तेवढ्यात वरून एक शेतकरी येतो. "अण्णा, हितं नको बांधू. उद्या मोटर ठेवायचीय मला."

होडीवाला वाद घालत नाही. खुंटा उपसतो, होडी ढकलत पुढं नेतो. शेतकऱ्याचंही चुकत नाही, त्याचा ऊस वाळतोय. पण होडीवाल्याकडं दाखवायला काहीच नाही. कोकणातल्या बंदरात मेरीटाइम बोर्डाचे दर असतात. भरलेल्या पैशांची पावती हातात असते. इथं होडी बांधायला पैसा पडत नाही, म्हणून जागेवर हक्कही नाही. फुकटपणाची किंमत तो दुसरीकडं मोजतो: रात्री वारा सुटला की उठून दोर तपासायचा, खुंटा निसटला तर अंधारात पाण्यात उतरायचं.

आताही पश्चिमेला ढग चढतायत. काठावरची माणसं एकदम गप्प होतात. 21 मे 2024 ला याच पाण्यात, कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. होडीवाला ढगांकडं पाहतो आणि थांबलेल्या प्रवाशांना सांगतो, "आता नाय सोडायची." एक जण घाई असल्याचं सांगून पाहतो. तो ऐकत नाही. मला त्याचा हा नकार फार मोलाचा वाटतो, कारण त्यात त्याची आजची कमाई बुडते आहे.

देशांतर्गत जलयानांसाठी 2021 चा कायदा आहे; नोंदणी, तपासणी, जीवरक्षक साधनं, सगळं त्यात आहे. पण कायद्यात बसलेली होडीसुद्धा शेवटी कुठंतरी बांधावीच लागते. कुगाव आणि पलीकडचं शिरसोडी जोडणारा पूल मंजूर झाला आहे. तो वाहता होईपर्यंत आणि नंतर मासेमारीसाठीही होड्या राहणारच. धरणासाठी ज्यांची गावं पाण्याखाली गेली, त्यांच्या मुलाबाळांना शासनानं निदान एवढं द्यावं: पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का, होडीसाठी नेमून दिलेली जागा, आणि दराची पाटी. पैसे भरायला हा होडीवाला तयार आहे.