उटण्याचा पुडा दुकानात ठेवण्यापूर्वी

‘उटणे’ हा शब्द ‘उद्वर्तन’ या संस्कृत शब्दावरून आला. वाग्भटाचार्यांनी दिनचर्येच्या अध्यायात उद्वर्तनाचे कफहर, मेदाचे विलयन करणारे, अंगे स्थिर करणारे आणि त्वचेस कांती देणारे असे गुण सांगितले आहेत, ते आपणा सर्वांस मुखोद्गत आहेत. घरातल्या आजीने घरच्यांसाठी केलेले उटणे आणि पुड्यावर किंमत छापून विकलेले उटणे या मात्र दोन वेगळ्या वस्तू आहेत, याकडे आमच्या व्यवसायबंधूंचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही.

उरण तालुक्यातील जासई आणि आसपासच्या गावांची भातशेती व मिठागरे न्हावाशेवा बंदर आणि नवी मुंबईच्या उभारणीत गेली. शेतीचा आधार तुटलेल्या घरांतील भगिनी बचत गटांद्वारे मसाले, पापड आणि दिवाळीच्या तोंडावर सुगंधी उटणे विकू लागल्या, तर त्यांचे स्वागतच केले पाहिजे. अटल सेतू २०२४ च्या जानेवारीत खुला झाला. तो जासईजवळच चिर्ले येथे उतरतो, त्यामुळे मुंबईची बाजारपेठही आता दूर राहिलेली नाही. पण बाजारपेठ जितकी मोठी, तितकी पुडा उघडणारी त्वचा अनोळखी. म्हणूनच या भगिनी ‘एवढे पाहून द्या’ म्हणून वैद्याकडे येतात, तेव्हा नुसता वास घेऊन मान डोलावणे आम्हांस योग्य वाटत नाही.

आधी कायद्याचे पाहू. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या कलम ३३-ईईसी मध्ये वैद्यास स्वतःच्या रुग्णांपुरते औषध बनविण्याची मुभा आहे. ही मुभा दुकानातील फळीपर्यंत किंवा प्रदर्शनातील टेबलापर्यंत पोहोचत नाही. विक्रीसाठी उटणे बनवायचे, तर सौंदर्यप्रसाधन म्हणून २०२० च्या नियमांखाली किंवा आयुर्वेदीय सौंदर्यप्रसादक म्हणून नियम १५८-बी च्या चौकटीत परवाना लागतो. पुड्यावर ‘कोड घालविते’ असे छापले, तर १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदाही आड येतो, कारण कोड त्याच्या परिशिष्टात आहे.

आता खऱ्या कामाकडे. उटण्यात बिघाड बहुधा कच्च्या मालातून शिरतो. नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, आंबेहळद हे सारे कंद व मुळे. त्यांच्यासोबत माती येते आणि मातीसोबत जिवाणूंचे बीजाणू. हळदीला उठाव यावा म्हणून मेटॅनिल यलो किंवा लेड क्रोमेट मिसळण्याची लबाडी जुनीच आहे. पैकी पहिल्याचा अंदाज सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने येतो. आम्लाने आलेला गुलाबी रंग पाणी घातल्यावरही टिकला, तर संशय घ्यावा. शिशासाठी मात्र प्रयोगशाळाच हवी. बावची उटण्यात घालणाऱ्यांनी दोनदा विचार करावा. तिच्यातील सोरॅलेनमुळे ऊन लागताच त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. श्वित्रावर ती उपयुक्त आहे, पण वैद्याच्या देखरेखीखाली. भीमसेनी कापूर तान्ह्या बालकांच्या उटण्यात नसावाच.

एक गोष्ट कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही, म्हणून येथे आवर्जून सांगतो. गावात उटणे बहुधा मसाला कांडप यंत्रावरच दळून घेतात. आदल्या घाण्यात मिरची असेल, तर तिचा अंश उटण्यात उतरतो आणि अभ्यंगस्नानाच्या पहाटे लेकरू किंचाळते. त्याचा दोष मग नागरमोथ्याच्या माथी येतो. निराळे यंत्र वा घरचे मिक्सर हाच यावर उपाय.

आर्द्रता हा कोकणपट्टीचा कायमचा वैरी. चूर्ण १०५ अंश सेल्सियसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवून ओलावा मोजावा. पावसाळ्यात दळलेले चूर्ण प्लास्टिकच्या साध्या पिशवीत भरून ठेवले, तर दिवाळीपर्यंत बुरशीचा वास अत्तराखाली लपलेला असतो. प्रत्येक घाण्याचा राखीव नमुना विक्रीच्या पुड्यातच भरून दुकानाच्याच हवेत ठेवावा आणि दरमहा उघडून पाहावा.

सुगंधाविषयी गैरसमज फार. नैसर्गिक तेल म्हणजे निर्धोक, असे नाही. दालचिनीच्या तेलातील सिनॅमाल्डिहाइड हे संपर्कजन्य त्वचादाहाचे परिचित कारण आहे, तर लिंबूवर्गीय व लॅव्हेंडरच्या तेलांतील लिमोनीन, लिनालूल हवेत जुने झाले की अधिक त्रासदायक ठरतात. बाजारातील ‘गुलाब’ वा ‘मोगरा’ या बाटल्यांत काय आहे, हे विक्रेत्याकडून लेखी घेतल्याशिवाय वापरू नये.

त्वचेवरील चाचणी एका रात्रीत होत नाही. विलंबित स्वरूपाची ॲलर्जी २४ ते ७२ तासांनी उमटते, कधी वारंवार वापरानंतरच. म्हणून संमती दिलेल्या प्रौढ व्यक्तींच्या कोपराच्या आतील बाजूस, नेहमीप्रमाणे कालवून, दिवसातून दोनदा, सात दिवस लावावे. वेळ झाल्यावर धुवावे आणि नोंद ठेवावी. बालकांवर प्रयोग मुळीच नको. प्राण्यांवरील सौंदर्यप्रसाधनांच्या चाचण्यांवर आपल्या देशात २०१४ पासूनच बंदी आहे.

शेवटी प्रयोगशाळा. नियम १६०-ए ते १६०-जे अन्वये मान्यताप्राप्त संस्थेकडून शिसे, आर्सेनिक, पारा, कॅडमियम आणि रोगकारक जिवाणू यांचा अहवाल घ्यावा. आयुर्वेदीय औषधिसंहितेनुसार शिसे दशलक्ष भागांत १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ यांहून अधिक नसावे. हे किती गंभीर आहे, ते अकोल्याच्या उदाहरणावरून कळते. तेथे एका स्थानिक सौंदर्यतज्ज्ञाकडून मिळालेली गोरेपणाची क्रीम वापरणाऱ्या एकाच घरातील स्त्रियांना मूत्रपिंडविकार झाला, प्रकरण मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत आले आणि क्रीममध्ये पारा आढळला, ही बातमी २०२३ साली प्रसिद्ध झाली.

औषधी दुकानदारांनी पुडा हाती घेताच परवाना क्रमांक, घाणा क्रमांक, उत्पादनाची तारीख, वापराची मुदत, घटकांची यादी, निव्वळ वजन आणि निर्मात्याचा पूर्ण पत्ता पाहावा. यांपैकी परवाना क्रमांक नसेल, तर तो माल परत करावा आणि आणून देणाऱ्या भगिनीस अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाची वाट दाखवावी. अर्ज भरण्यास तिला मदत लागेल, तेवढा वेळ आपण काढू शकतो. दिवाळीला अजून अवकाश असतानाच हे काम हाती घेतलेले बरे, कारण अहवाल यायला काही आठवडे जातात.