कयाकच्या वल्ह्याचं माप

मासेमारीसाठी कयाक घेणारे होडी निवडण्यात महिना घालवतात आणि वल्हं मात्र दुकानदार सोबत देईल ते उचलतात. वल्ह्याचा आजवरचा प्रवास पाहिला की हा क्रम किती उलटा आहे ते कळतं.

ग्रीनलंडमध्ये झाडं जवळजवळ नाहीत. सायबेरियाच्या नद्यांतून समुद्रात आलेले ओंडके प्रवाहाबरोबर तिथवर वाहत येत आणि इनुइट शिकारी त्यांतून वल्ही घडवत. लांबीची रूढ रीत अंगाच्या मापाची: एक वाव आणि त्यावर एक हात. पातं मुठीत धरता येईल इतकं अरुंद, त्यामुळे वारा अडत नसे आणि सीलजवळ जाताना पाण्याचा आवाजही होत नसे. बर्फावर झिजू नये म्हणून कडांना हाड जडवलेलं असे.

1865 साली जॉन मॅकग्रेगर हा स्कॉटिश बॅरिस्टर ‘रॉब रॉय’ नावाच्या ओकच्या होडीतून युरोपच्या नद्यांवर फिरला. पुढच्या वर्षी त्याचं पुस्तक आलं आणि दोन पात्यांचं वल्हं हौशी प्रवाशांच्या हाती गेलं. त्याचं वल्हं सात फुटी होतं, म्हणजे साधारण 213 सेंटिमीटर. इनुइट मापाच्या हे बरंच जवळ, कारण दोन्ही होड्या अरुंद आणि माणूस पाण्यालगत बसलेला.

हे गणित विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोडलं. कॅलिफोर्नियात टिम निमियरने वर बसायची कयाक लोकप्रिय केली आणि साच्यातल्या प्लॅस्टिकने ती स्वस्त झाली. गळ टाकणाऱ्यांना ती भावली. उभं राहता यावं म्हणून रुंदी 80-90 सेंटिमीटरपर्यंत गेली, तळाशी असलेली बैठक खुर्चीसारखी उंचावली आणि पाणी हातापासून लांब गेलं. म्हणून आज अशा कयाकसाठी 240 ते 260 सेंटिमीटरची वल्ही विकली जातात. उंची विचारून वल्हं देणारा दुकानदार अर्धीच चौकशी करतो. रुंदी आणि बैठकीची उंची विचारायलाच हवी.

लांबी वाढली तसा वजनाचा प्रश्न आला. ॲल्युमिनियमच्या दांड्याचं वल्हं किलोच्या वर जातं, फायबरग्लासचं साधारण 900 ग्रॅम, कार्बनचं 700-800. मिनिटाला 50 वेळा वल्हं मारलं तर तासाला 3,000 वेळा होतं. 300 ग्रॅमचा फरक तेवढ्यात 900 किलोंचा होतो. पण हलकं ते सरसकट उत्तम नव्हे. कालवं लागलेल्या खडकाला वल्हं टेकवून होडी ढकलायची असेल तर कार्बनच्या पात्याचा टवका उडतो, नायलॉनचं ओरखड्यावर निभावतं.

1997 साली होबी कंपनीने पायांनी चालणारी यंत्रणा आणली, तेव्हा वल्ह्याचे दिवस संपल्यासारखे वाटले. पण उथळ पाण्यात, शेवाळात आणि किनाऱ्याला लागताना वल्ह्याची गरज उरलीच. गळकऱ्यांसाठी वेगळी वल्हीही निघाली: अडकलेला गळ सोडवायला पात्याला खाच, मासा मोजायला दांड्यावर खुणा, लांबी कमीजास्त करणारा सांधा. या सोयी हव्यातच, पण आधी आपल्या होडीच्या बैठकीवर बसून पाहावं. पातं पूर्ण बुडतं आणि बोटं काठाला घासत नाहीत, तेच वल्हं आपल्या मापाचं. मग उरलेले पैसे वजन कमी करण्यावर खर्चावेत.