बेणे निरोगी, तर फड निरोगी



शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ ला आली, २०२१ ला उठली. राज्याच्या कायद्याने बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षे वय लागते. तरी शाळकरी पोराच्या हाती बाटली येतेच, कारण तिची वाट आपणच करून देतो.

काणी रोग रोगट बेण्यातून पसरतो, म्हणून आम्ही लागणीआधी बेणेप्रक्रिया सांगतो. दारूचेही तसेच. सातवी-आठवीतच समजावले पाहिजे. पण एकच भाषण सगळ्यांना लागू पडत नाही. बागायतदाराच्या पोराला खिशातला पैसा अन् वरातीतली संगत बिघडवते. तोडणी मजुराचे लेकरू हंगामात शाळेबाहेर फडात असते. गुरुजींचे बोलणे त्याच्या कानी जाणार कसे?

म्हणून विनंती : पोराला बाटली आणायला धाडू नका. टोळीला खुशाली म्हणून दारू देऊ नका. टोळीची लेकरे जवळच्या शाळेत बसवा. ऊस आपला, त्यातूनच मळी निघते अन् मळीचीच देशी दारू होते. तेव्हा हे काम गुरुजींचे, आपले नव्हे, असे म्हणून भागणार नाही.

— ऊस विकास अधिकारी