बोटीला भोक न पाडता

लेखमाला : गळ, नाव आणि नदी – लेखांक पाचवा

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातून उत्तरेकडे वाहत जाऊन कोलंबिया नदीला मिळणाऱ्या डेशूट्स नदीच्या खालच्या पट्ट्यात तरंगत्या बोटीतून गळ टाकायला बंदी आहे. तरीही मे महिन्याच्या अखेरीस मॉपिन या छोट्या गावाजवळच्या धक्क्यांवर बोटींची रांग लागते. या दिवसांत दोन इंच लांबीच्या, नारिंगी पोटाच्या सॅमनफ्लाय नावाच्या माश्या नदीतून काठावर येतात, झुडपांवर लटकतात आणि वाऱ्याच्या झोताबरोबर पाण्यात पडतात. त्यांच्यासाठी इथले रेडबँड ट्राउट मासे पार काठाशी येऊन तोंड वर काढतात. गळवाले बोटीने एका वळणावरून दुसऱ्या वळणावर जातात, उतरतात, मांडीभर पाण्यात उभे राहून गळ टाकतात आणि पुन्हा वल्ही हातात घेतात.

हीच बोट कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, कॅमलूप्स शहराभोवतीच्या एखाद्या तळ्यात नेली की तिचं काम बदलतं. तिथे माणूस दिवसभर बोटीतच बसून असतो. पाण्याची खोली मोजायची, बोट एका जागी रोखायची, रॉड ठेवायला जागा हवी, जाळं हाताशी हवं. बोटीवर काय बसवायचं हे दुकानातली यादी बघून ठरवणाऱ्यांचे पैसे बहुधा वाया जातात. आपण कुठल्या पाण्यावर जाणार, हे आधी ठरवावं लागतं.

मागच्या लेखात या बोटीची रचना पाहिली. दोन फुगीर नळ्या, त्यांवर पोलादी किंवा ॲल्युमिनियमच्या पाइपांची चौकट, मधे खुर्ची, दोन बाजूंना वल्ही. एका माणसासाठीची साधारण नऊ फूट लांबीची बोट ३० ते ३५ किलोची असते आणि सुमारे १८० किलो भार पेलते, असं तिच्यावरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. या रचनेतच आजच्या विषयाचं उत्तर आहे. नळ्यांचं काम तरंगण्याचं आणि चौकटीचं काम धरून ठेवण्याचं. बोटीवर जे काही बसवायचं ते चौकटीवर बसवावं. नळीला हात लावायची वेळ आलीच तर डिंकाने चिकटवावं, आणि खिळा, स्क्रू, ड्रिल यांना तिच्या आसपासही फिरकू देऊ नये.

हे शहाणपण जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराने तात्पुरत्या पुलांसाठी वापरलेले फुगीर पाँटून विकायला काढले. जॉर्जी व्हाइट या धाडसी बाईंनी १९५० च्या दशकात असे पाँटून एकमेकांना दोरखंडांनी बांधून मोठे तराफे केले आणि ते प्रवाशांसह ग्रँड कॅन्यनमधून, कोलोरॅडो नदीच्या खळाळांतून नेले. बांधलेली वस्तू धक्का बसला की थोडी सरकते, वाकते आणि पुन्हा जागेवर येते. ठोकलेली वस्तू मात्र फुगीर नळीचं कापड फाडूनच सुटते. आजही चौकट नळ्यांवर बकलच्या पट्ट्यांनीच आवळतात.

आता वजनाचा हिशेब. ४० सेंटिमीटर व्यासाची आणि २.७ मीटर लांबीची नळी पूर्ण बुडाली तर सुमारे ३४० लिटर पाणी बाजूला सारते. दोन नळ्यांचं मिळून ६८० किलोच्या आसपास होतं; टोकं निमुळती असल्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी. मग भाराची मर्यादा फक्त १८० किलोच का? कारण बोट आणि भार मिळून नळ्या एक तृतीयांशाच्या आसपास बुडाव्यात, उरलेला भाग लाटेसाठी आणि उतारावरच्या धक्क्यासाठी राखीव राहावा. ऐंशी किलोचा माणूस बसल्यावर उरलेल्या शंभर किलोंत नांगर, बॅटरी, डबा, पाणी, कपडे सगळं बसवायचं असतं. त्यातही वजन किती याच्याइतकंच ते कुठे, हेही महत्त्वाचं. मोटारींत वापरतात तसली मोठी लेड-ॲसिड बॅटरी सहज २५ किलोची असते. ती खुर्चीच्या मागे, नांगर त्याच्याही मागे, आणि मोटरही मागेच लावली की बोटीचं शेपूट पाण्यात आणि नाक हवेत. अशी बोट वाऱ्यात सरळ चालत नाही. जड वस्तू शक्यतो खुर्चीखाली किंवा पायांच्या बाजूला याव्यात.

सगळ्यांना आधी हवा असतो तो रॉड होल्डर. चौकटीच्या पाइपचा बाहेरचा व्यास मोजून त्याच मापाचा क्लॅम्प घ्यावा. एक इंच आणि सव्वा इंच यांत डोळ्यांना फरक दिसत नाही. मोठा क्लॅम्प कितीही आवळला तरी मासा ओढ देताच गर्रकन फिरतो. पाइप आणि क्लॅम्प यांच्यामधे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला की पकडही बसते आणि रंगही खरवडला जात नाही. चौकटीला भोक पाडण्याचा मोह मात्र टाळावा. भोकातून पोलादी पाइपच्या पोटात पाणी जातं, बाहेरचा रंग शाबूत दिसतो आणि आतून गंज पाइप खात राहतो. ॲल्युमिनियमच्या चौकटीवर स्टेनलेस स्टीलचे बोल्ट ओल्या स्थितीत थेट टेकले तर दोन धातूंमधल्या विद्युत-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम झिजतं. मधे नायलॉनचा वॉशर टाकावा.

जागा ठरवायची पद्धत सोपी आहे. अंगणात बोट फुगवायची, खुर्चीत बसायचं, वल्ही पूर्ण फिरवायची, आणि वल्ह्याची मूठ, कोपर, गुडघा जिथून जातो ती जागा रंगीत टेपने आखून घ्यायची. टेपच्या आत काहीही बसवायचं नाही. खळाळात वल्हं होल्डरला अडकलं तर ते सोडवायला मिळणारा वेळ दोन-तीन सेकंदांचा असतो. डेशूट्ससारख्या नदीवर तर उभा होल्डर प्रवासात रिकामाच ठेवावा. रॉड चौकटीला समांतर आडवा बांधावा, टोक मागच्या बाजूला, म्हणजे काठावरच्या फांद्या त्याला मोडणार नाहीत.

मासा शोधणाऱ्या यंत्राच्या पडद्यासाठी रबरी गोळ्याचे सांधे मिळतात. सिएटलच्या रॅम माउंट्स कंपनीचे एक इंची आणि दीड इंची गोळे या कामासाठी सर्वत्र दिसतात. लहान पडद्याला एक इंची पुरतो.

काही वस्तू मात्र नळीवरच लागतात. जाळ्याचा दोर अडकवायची कडी, माप घ्यायची पट्टी, पुढच्या बाजूचं हलकं बैठं पॅड. इथे डिंक हवा, आणि डिंक निवडण्याआधी कापड कोणतं ते कळायला हवं. बहुतेक स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बोटी पीव्हीसीच्या असतात. त्यांना दोन घटकांचा युरेथेन डिंक चालतो. हायपालॉनच्या बोटींना वेगळा डिंक लागतो. ड्यूपाँटने हायपालॉनचं उत्पादन २०१० मध्ये थांबवलं, पण त्याच जातीचं कापड इतर कंपन्या बनवतात आणि बाजार अजून जुन्याच नावाने ओळखतो. एकाचा डिंक दुसऱ्याला लावला तर पॅड पहिल्या दिवशी घट्ट वाटतं आणि उन्हात सोललं जातं.

चिकटवण्याची रीत सायकलच्या पंक्चरसारखीच, फक्त घाई चालत नाही. जागा पेन्सिलीने आखायची, कापडाला योग्य त्या द्रावकाने पुसायची, दोन्ही पृष्ठभाग हलके घासायचे. डिंकाचा पातळ थर, तो सुकला की दुसरा थर, बोटाला किंचित चिकटेल इतका वाळल्यावर पॅड मध्यापासून कडेकडे दाबत बसवायचं, आत हवा राहू द्यायची नाही. मग किमान २४ तास बोटीला हात लावायचा नाही. पावसाळी, दमट दिवशी हे काम काढूच नये. द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतला ओलावा बसतो आणि डिंक धरत नाही. काम मोकळ्या हवेत करावं, कारण वाफा डोक्यात जातात. ज्या बोटींत बाहेरचं कवच आणि आतला फुगा वेगळे असतात, तिथे आतला फुगा काढून मगच कवचावर काम करावं.

२०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकरांनी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या फुगीर बोटी जवळून पाहिल्या. त्यांच्या कडेचे दोर आणि पकडायच्या मुठीही अशाच चिकटवलेल्या पॅडांवर असतात. माणूस पाण्यातून बोट धरतो तेव्हा त्याचा सगळा भार त्या चिकटलेल्या वीतभर कापडावर येतो. डिंकाचं काम किती मन लावून करायचं हे त्यावरून कळावं.

कॅमलूप्सच्या तळ्यांवर खोली दाखवणाऱ्या यंत्राशिवाय पान हलत नाही. तिथला ट्राउट मासा कायरोनोमिड नावाच्या चिलटांचे कोष खातो, आणि ते तळापासून जेमतेम हातभर उंचीवर तरंगत असतात. गळ नेमका त्या उंचीवर टांगायचा तर खोली फुटाच्या हिशेबात कळायला हवी. यंत्राचा ध्वनी पाठवणारा भाग नळीखाली चिकटवण्यापेक्षा एका लहान दांड्यावर लावून दांडा चौकटीला आवळावा. तोंड पाण्याखाली दोन-तीन इंच, तळाकडे सरळ, वल्ह्याच्या बुडबुड्यांपासून दूर. उथळ पाण्यात किंवा काठाला लागताना दांडा वर फिरवता यायला हवा. ध्वनीचा झोत शंकूसारखा पसरतो. २० अंशांचा शंकू सहा मीटर खोलीवर जेमतेम दोन मीटर रुंदीचं वर्तुळ बघतो. दांडा तिरका बसला तर पडद्यावरचा मासा बोटीखाली नसून बाजूला असतो. लहान यंत्र पाव अँपिअरच्या आसपास वीज घेतं, त्यामुळे सात अँपिअर-तासांची छोटी बॅटरी दिवसभर आरामात पुरते. ती पाणी न शिरणाऱ्या डब्यात, डबा खुर्चीखाली.

आता नांगर. बोटीवरच्या सगळ्या साधनांत माणसाचा जीव घेऊ शकेल असं साधन हेच, म्हणून त्याला जास्त जागा देणं भाग आहे.

तळ्यात पुढे-मागे दोन नांगर टाकतात, म्हणजे वाऱ्याने बोट फिरत नाही आणि गळाचा दोर एका रेषेत राहतो. वाहत्या नदीत हेच केलं तर बोट आडवी अडकू शकते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की बोटीवरचा जोर चौपट होतो. दोर बोटीच्या कडेला बांधलेला असेल तर पाणी वरच्या बाजूच्या नळीवर चढतं, नळी खाली दबते, आणि पुढच्या क्षणी बोट उलटते. म्हणून नदीत नांगर एकच, आणि तो बोटीच्या मधल्या रेषेवर, मागच्या आडव्या पाइपच्या मध्यावर बसवलेल्या कप्पीतून सोडायचा. तिथून दोर चौकटीच्या कडेने खुर्चीपर्यंत आणायचा आणि दातेरी पकडीत अडकवायचा. ही पकड एका हाताने, दोर वर झटकून सुटली पाहिजे. ती डाव्या हाताला ठेवायची की उजव्या, हे घरी डोळे मिटून दोनचारदा करून बघावं.

बोटीतल्या टोकाला दोराला गाठ मारू नये. नांगर दगडांत रुतला आणि बोट पाणी घ्यायला लागली, तर सगळा दोर कप्पीतून सरसर निघून जाऊ द्यायचा. गाठ असली की तीच कप्पीत अडकते. नांगर गेला तर गेला. आणि दोर कापायचा चाकू जीवरक्षक जाकिटाच्या छातीवर असावा. पिशवीतला चाकू अशा वेळी हाती लागत नाही. वेगवान पाण्यात, खळाळाच्या तोंडाशी नांगर टाकूच नये.

फ्लाय फिशिंगचा जाड, रंगीत दोर हा फार खोडकर प्रकार आहे. तो मांडीवर वेटोळी करून ठेवला जातो आणि फेकताना बोटीवरच्या प्रत्येक उंचवट्याला विळखा घालतो : क्लॅम्पचा स्क्रू, बकलचं टोक, नांगराची पकड, बुटाची नाडी. म्हणून सगळं बसवून झालं की खुर्चीत बसून दोर मांडीवर टाकावा आणि हळूच ओढून बघावा. जिथे अडकेल तिथे बोल्टचं जास्तीचं टोक कापावं, घासावं, वर टेप गुंडाळावी. मांडीवर पसरायचं जाळीचं ॲप्रन ही या बोटीवरची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी वस्तू आहे.

पट्ट्यांवर उन्हाचाही परिणाम होतो. सकाळी १५ अंशांना दोन पीएसआय दाबाने भरलेली नळी दुपारी काठावर तापून ४५ अंशांना गेली, तर आतला दाब पावणेचारच्या आसपास जातो. उलट, उन्हात टणक भरलेली बोट गार नदीत उतरवली की नळ्या मऊ पडतात, पट्ट्या सैल होतात आणि चौकट बसवलेल्या सगळ्या वस्तूंसह सरकते. पाण्यात उतरल्यावर दहा मिनिटांनी काठाला लागून पट्ट्या पुन्हा आवळाव्यात. दुपारी जेवायला थांबताना थोडी हवा सोडावी.

कायद्याचंही भान हवं. छोटी विजेची मोटर लावली की ओरेगॉनमध्ये बोटीची नोंदणी करावी लागते, आणि कॅनडात चालवणाऱ्याकडे परवानापत्र असावं लागतं. ओरेगॉनमध्ये तिसऱ्या किंवा त्यापुढच्या श्रेणीच्या खळाळांत जीवरक्षक जाकीट अंगात घालणं सक्तीचं आहे. डेशूट्सवर मॉपिनच्या वर-खाली असे खळाळ आहेत : व्हाइटहॉर्स, बॉक्सकार, ओक स्प्रिंग्ज.

नव्याने बोट घेणाऱ्यांनी पैसे या क्रमाने खर्च करावेत : आधी अंगाला नीट बसणारं जाकीट आणि चाकू, मग मधल्या रेषेवरची नांगराची कप्पी आणि एका हाताने सुटणारी पकड, मग मापाच्या क्लॅम्पचा एकच रॉड होल्डर आणि ॲप्रन. खोलीमापक यंत्र तळ्यावर जाणाऱ्यांनीच घ्यावं. बाकी सगळं एक हंगाम वापरल्यानंतर. पुढच्या आठवड्यात विजेची मोटर, तिची बॅटरी आणि त्यामुळे बदलणारा बोटीचा तोल यांविषयी.