४एफ उपकवच आणि हिंगोलीची गुरुत्वतरंग वेधशाळा

पुसेगाव ज्या हिंगोली जिल्ह्यात वसले आहे, त्याच जिल्ह्यात औंढा नागनाथनजीक लायगो-इंडिया ही गुरुत्वतरंग वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्या काटकोनात असणाऱ्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या योजिल्या आहेत. अमेरिकेतील हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथील वेधशाळांत १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर-प्रकाश वापरला जातो. येथेही तोच अभिप्रेत आहे. त्याचा उगम निओडिमियमच्या ४एफ उपकवचात आहे. हेच उपकवच या कार्यास योग्य का, हा प्रश्न कक्षकांच्या अभ्यासकास उद्बोधक ठरावा.

मुख्य पुंजांकाने कवच ठरते, तर कक्षीय पुंजांकाने त्यातील उपकवच. कक्षीय पुंजांक ३ असता चुंबकीय पुंजांकास ७ मूल्ये मिळतात. म्हणून एफ उपकवचात ७ कक्षक असून, पाउलीच्या अपवर्जन तत्त्वानुसार त्यांत १४ इलेक्ट्रॉन मावतात. निओडिमियमच्या अणूत झेनॉनच्या रचनेखेरीज ४एफ मध्ये ४ व ६एस मध्ये २ इलेक्ट्रॉन असतात. त्रिधन आयन होताना ६एस मधील दोन्ही व ४एफ मधील एक इलेक्ट्रॉन निघून जातो. उरलेले ३ इलेक्ट्रॉन १४ स्थानांत ३६४ प्रकारांनी राहू शकतात. त्यांच्या परस्पर-अपसारणामुळे आणि कक्षा-परिवलन युग्मनामुळे अनेक ऊर्जापातळ्या निर्माण होतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जे उपकवच मागाहून भरते ते अणूच्या बाहेरच्या बाजूस असते, अशी समजूत पुष्कळदा आढळते. ४एफ हे ६एस नंतर भरू लागते. तथापि त्याचा विस्तार ५एस व ५पी या भरलेल्या उपकवचांच्या आतच राहतो. भरण्याचा क्रम ऊर्जेवर अवलंबून असतो, अंतरावर नव्हे. या आवरणामुळे स्फटिकातील शेजारच्या आयनांचा प्रभाव ४एफ इलेक्ट्रॉनांवर अल्प पडतो, आणि घन पदार्थातही त्यांच्या वर्णरेषा अरुंद राहतात.

एफ-एफ संक्रमणात समता बदलत नसल्याने मुक्त आयनात विद्युत्-द्विध्रुव उत्सर्जन निषिद्ध ठरते. यिट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेटच्या स्फटिकात निओडिमियमच्या स्थानी व्युत्क्रम-केंद्र नसते; त्यामुळे हा निषेध किंचित शिथिल होतो. परिणामी वरची पातळी सुमारे २३० मायक्रोसेकंद टिकते व तीत आयनांचा संचय होऊ शकतो. खालची पातळी मूळ पातळीच्या सुमारे २००० प्रतिसेंटीमीटर वर असल्याने सामान्य तापमानास ती जवळजवळ रिकामी असते. त्यामुळे संख्या-व्युत्क्रम अल्प ऊर्जेने साधतो.

सारांश, आवरण, समता व पातळ्यांची रचना या तीन गोष्टींचा मिलाफ ४एफ उपकवचात झाला आहे. कक्षक ही केवळ कागदावरील आकृती नसून, तिच्या गुणधर्मांवरच विश्वातील कंपनांचे मापन करणाऱ्या यंत्राचा प्रकाश अवलंबून आहे.