चाकांवरच्या घरातली मोरी

“सातासमुद्रापलीकडे आले, तरी पाणी भरणं काही सुटलं नाही बघ माझं!”

सासूबाई हे हसत हसत म्हणाल्या, पण मला मात्र ते चांगलंच लागलं. २०२२ चा जुलै महिना. मिशिगन सरोवराच्या काठी लडिंग्टन इथे एक मोठं सरकारी उद्यान आहे. वाळूच्या टेकड्या, दाट झाडी आणि १८६७ सालापासून उभा असलेला दीपस्तंभ. आमचा छोटा ट्रेलर घेऊन आम्ही तिथे मुक्कामाला गेलो होतो. सकाळी उठून पाहते तो सासूबाई दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेऊन सामायिक नळाकडून सावकाश येताहेत. गुडघे दुखतात म्हणून दर दहा पावलांवर कॅन खाली ठेवताहेत. १९७२ च्या दुष्काळात त्या बार्शीजवळच्या एका गावात नव्या सूनबाई होत्या. कोरड्या विहिरीत उतरून वाटीवाटीने घागर भरल्याच्या त्यांच्या गोष्टी आम्ही कितीदा ऐकल्या आहेत. त्यांना अमेरिका दाखवायला आणलं, आणि दाखवलं काय, तर पुन्हा पाण्याची खेप!

ज्यांनी असा ट्रेलर पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. मोटारीच्या मागे अडकवून ओढत न्यायची ही दोन चाकांवरची खोली. आतली जागा जेमतेम दहा फूट बाय सहा फूट. त्यातच झोपायचं, त्यातच दोन बर्नरच्या शेगडीवर स्वयंपाक. आम्ही तो जुना विकत घेतला तेव्हा ओट्याचं नुसतं फळकूट शिल्लक होतं. सिंक आणि नळ आधीच्या मालकाने केव्हाच काढून टाकलेले. इथल्या उद्यानांत मुक्कामाच्या जागेवर बहुधा वीज मिळते, पाणी मात्र सगळ्यांच्या नळावरून आणायचं. दोन वर्षं आम्ही बादली-तांब्यावर निभावलं होतं. त्या सकाळी मी ह्यांना म्हटलं, “आई पुढच्या वर्षी यायच्या आत ओट्यावर नळ हवा.”

आता मैत्रिणींनो, अशा कामात पहिली चूक होते ती नळापासून सुरुवात करण्याची. दुकानात गेलं की चकचकीत नळ आधी दिसतात ना! आम्हीही तेच केलं. बगळ्याच्या मानेसारखा वाकलेला एक नळ आणला आणि घरी येऊन विचार करू लागलो की सिंकमधून पाणी जाणार कुठे? माझं ऐकाल तर पाणी येणार कुठून हा प्रश्न दुसरा. आधी ते जाणार कुठे ते ठरवा. आपल्याकडे मोरीतून पाणी गेलं की गेलं. ट्रेलरमध्ये तसं नाही. भांडी धुतलेलं पाणी झाडाखाली सोडून देणं बहुतेक उद्यानांत मना आहे, आणि ते योग्यच आहे. खरकट्याच्या वासाने रात्री रॅकून येतात. (रॅकून म्हणजे आपल्या मुंगसापेक्षा मोठा, डोळ्यांवर काळा पट्टा असलेला, अत्यंत आगाऊ प्राणी. आमची अख्खी पोळ्यांची चळत त्याने एकदा नेली आहे.) म्हणून सांडपाणी बंद पिंपात धरायचं आणि उद्यानातून निघताना तिथल्या ठरावीक जागी ओतायचं. हे पिंप चांगल्या पाण्याच्या साठ्याइतकं तरी मोठं हवंच. साधा हिशेब आहे, जेवढं आत येतं तेवढं बाहेर जातं. पिंप लहान असेल तर नळ चालू असताना पाणी सिंकमध्येच उलटं चढतं.

दुसरा हिशेब वजनाचा. इथला एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटरच्या थोडं वर, आणि लिटरला एक किलो. ह्यांना पलंगाखाली वीस गॅलनची टाकी बसवायची होती. मी कागदावर मांडून दाखवलं, शहात्तर किलो! म्हणजे आणखी एक धट्टाकट्टा पाहुणा पलंगाखाली निजवून न्यायचा. आमचा ट्रेलर रिकामा सहा-सातशे किलोचा. त्याच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या दांड्यावर, म्हणजे मोटारीला जिथे जोडतो तिथे, पडला पाहिजे. जड वस्तू चाकांच्या मागे गेली की तो भार कमी होतो आणि वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो. हा चेष्टेचा विषय नाही, यातून अपघात होतात. शेवटी पाच-पाच गॅलनचे दोन कॅन ओट्याखाली, बरोबर चाकांच्या वर ठेवायचे ठरले. भरलेला एक कॅन एकोणीस किलोचा होतो. मला तो उचलवत नाही. म्हणून मी अर्धाच भरून दोन खेपा करते; त्यात कमीपणा कसला?

सिंक निवडताना मी हट्ट धरला. पुस्तकातलं माप बाजूला ठेवलं आणि आमचा पाच लिटरचा कुकर पिशवीत घालून दुकानात नेला. ज्या सिंकमध्ये कुकर बसेना ते नाकारलं! विक्रेता पाहत राहिला, पाहू दे. पंधरा इंच चौकोनी आणि सहा इंच खोल स्टीलचं सिंक मिळालं. सहा इंचांहून उथळ घेऊ नका, पाण्याचे शिंतोडे थेट पलंगावर उडतात.

ओट्याला भोक पाडायचं काम ह्यांचं. ह्यांनी सिंक उलटं ठेवून कडेने पेन्सिल फिरवली आणि त्याच रेषेवर करवत चालवली. झालं! सिंक सरळ आरपार खाली. टेकणार कशावर, काठच उरला नाही. ते भोक काठाच्या रेषेपेक्षा सगळ्या बाजूंनी अर्धा-पाऊण इंच आत हवं. सिंकबरोबर मापाचा कागद येतो, तो आम्ही खोक्याबरोबर फेकून दिला होता. मग नवी फळी आणली. या वेळी आधी पुठ्ठा कापून पाहिला, चारही कोपऱ्यांना ड्रिलने भोकं पाडली आणि मग त्यातून करवत घातली. कापलेल्या कडेला वॉर्निशचे दोन हात द्यायला विसरू नका; तिथेच पाणी मुरतं आणि फळी फुगते. काठाखाली सिलिकॉन भरून, खालून चिमटे आवळून एक रात्र तसंच ठेवलं.

सिंकखालच्या नळीला सतत उतार हवा, फुटाला पाव इंच तरी. मध्ये कुठे नळी झोळीसारखी लोंबली की तिथे डाळीचे कण आणि तूप साचतं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या खोलीला वास. पिंपातला वास वर येऊ नये म्हणून घरच्यासारखा वाकडा पाइप बसवतात. त्या वाकात थोडं पाणी राहतं आणि ते वास अडवतं. पण प्रवासात ते हिंदकळून निघून जातं, तेव्हा मुक्कामाला पोचल्यावर आधी सिंकमध्ये कपभर पाणी ओतायचं.

पाणी वर चढवायला मी पायाचा पंप निवडला. पाय दाबला की धार, सोडला की बंद. वीज नको, दोन्ही हात मोकळे, आणि पाणी फुकट जात नाही. मला तो अजूनही आवडतो. पण २०२३ च्या जूनमध्ये सासूबाई आल्या, तेव्हा मी घरासमोरच एक रात्र ट्रेलरमध्ये मुक्कामाची रंगीत तालीम केली. ती प्रत्येकीने करावीच. जंगलात पाना आणि वॉशर कुठून आणणार? त्या एका रात्रीत दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे पंपाकडचा सांधा ठिबकत होता. नळी अडकवली होती, पण पट्टीचा क्लॅम्प पुरता आवळला नव्हता. दुसरी गोष्ट मला आधीच सुचायला हवी होती. पाय दाबायचा म्हणजे दुसऱ्या पायावर उभं राहायचं, आणि सासूबाईंचे गुडघे! त्यांनी दोनदा प्रयत्न केला, मग काही न बोलता स्टुलावर बसल्या आणि वाकून हातानेच पंप दाबू लागल्या. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप, त्यांचाच विचार राहिला होता.

मग बारा व्होल्टचा लहान विजेचा पंप आणला. नळ उघडला की दाब कमी होतो आणि पंप आपोआप सुरू होतो. खर्चाला जास्त, आणि काम रात्री झोपलेल्याला उठवेल इतकं मोठ्याने करतो. पण दिवसाकाठी काही मिनिटंच चालत असल्याने बॅटरीवर फारसा भार पडत नाही. पंपाच्या आधी बारीक जाळी बसवा, कचरा गेला की पंप रुसतो. तारेवर बॅटरीजवळ फ्यूज हवाच. आणि झोपताना, तसंच बाहेर जाताना बटण बंद करा. एखादा सांधा सुटला तर हा पंप मुकाट्याने सगळं पाणी फरशीवर ओतून मोकळा होईल.

नळीबद्दल एक सूचना. बागेला पाणी घालायची हिरवी नळी पिण्याच्या पाण्याला लावू नका. पिण्याच्या पाण्यासाठी म्हणून वेगळी नळी मिळते, बहुधा पांढरी किंवा निळी. पारदर्शक नळीत उजेडाने शेवाळ धरतं. सांडपाण्याचं पिंप धुवायची नळी वेगळी, तिची पिशवीही वेगळी. सोवळ्या-ओवळ्याची थट्टा करणारी मी, इथे मात्र कडक सोवळं पाळते.

कॅन, पंप आणि नळ्या हंगामाच्या सुरुवातीला निर्जंतुक करून घ्याव्यात. पाच गॅलन पाण्यात बिनवासाचं साधं ब्लीच चार चहाचे चमचे, त्याहून जास्त नको. नळातून ब्लीचचा वास येईपर्यंत ते पाणी काढायचं, मग नळ बंद करून रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी सगळं ओतून, वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवायचं. प्लॅस्टिकचा वास राहिला तर नंतर खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवा. पण ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

थंड मुलखातल्या मैत्रिणींनी आणखी एक करायचं. पाणी गोठलं की सुमारे नऊ टक्के फुगतं, आणि पंप किंवा नळ्या तडकतात. पहिल्या कडाक्याच्या थंडीआधी सगळं पाणी काढून टाका आणि नळ्यांत गुलाबी रंगाचं, ट्रेलरसाठीच मिळणारं न गोठणारं द्रव्य पंपाने फिरवा. मोटारीच्या रेडिएटरसाठी मिळतं ते चुकूनही घालू नका. ते बहुधा एथिलिन ग्लायकॉलचं असतं आणि ते विष आहे.

आता आपल्या स्वयंपाकाचं. डाळ-तांदूळ घरीच निवडून पिशव्या बांधते. ताटं आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसायची, तेल-तूप कागदावर गेलं की निम्म्या पाण्यात काम होतं. तांदळाचं धुवण टाकायचं नाही, खरकट्या भांड्यांचा पहिला हात त्यातच.

जुलैमध्ये पुन्हा लडिंग्टनला गेलो. पहिल्या दिवशी सासूबाईंनी नळ उघडला, पंप घुरघुरला, धार आली. त्यांनी चटकन तांब्या धरला, तो भरताच नळ बंद केला, आणि मग त्या तांब्यातल्या पाण्याने सगळ्या कपबश्या धुतल्या! मी म्हटलं, “आई, नळाखालीच धुवा की.” तर म्हणाल्या, “धारेचा हिशेब राहत नाही गं, तांब्याचा राहतो.” प्यायचं पाणी वेगळं ठेवून त्या दोन कॅनमध्ये आम्हा तिघांचे दोन दिवस निघाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी हे कॅन घेऊन नळाकडे निघाले. सासूबाई बाहेर खुर्चीत पाय लांब करून चहा पीत होत्या. तिथूनच हाक आली, “अरे, काठोकाठ भरू नकोस, रस्त्यात सांडेल!”