घरच्या ध्वनिसंचातील घरघर : वीजजोडणी आणि तारांची मांडणी कशी असावी?

घरात नवा ध्वनिसंच येतो, स्पीकर जागेवर बसतात, तारा जोडल्या जातात आणि गाणे लागण्याआधीच स्पीकरमधून एकसारखी घरघर ऐकू येऊ लागते. संशय प्रथम अ‍ॅम्प्लिफायरवर किंवा स्पीकरवर घेतला जातो. बहुतेक वेळा मात्र उपकरणे निर्दोष असतात आणि दोष वीजजोडणीच्या व तारांच्या मांडणीत असतो. ही घरघर घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकावी, असा सल्लाही सर्रास दिला जातो. त्याने आवाज कदाचित थांबेल, परंतु विजेच्या धक्क्यापासून मिळणारे संरक्षणही त्याच क्षणी नाहीसे होते.

घरघरीचे मूळ

भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट दाबाने आणि ५० हर्ट्झ वारंवारितेने पुरवली जाते. टीव्ही एका भिंतीवरील सॉकेटला, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या भिंतीवरील सॉकेटला आणि सबवूफर तिसऱ्याच जागी जोडला असेल, तर त्यांच्या अर्थिंगच्या बिंदूंमध्ये विद्युतदाबाचा किंचित फरक असू शकतो. या उपकरणांना जोडणाऱ्या ध्वनिसंकेताच्या तारेवर धातूच्या जाळीचे आवरण असते. त्या आवरणातून अर्थिंगचे दोन्ही बिंदू एकमेकांना जोडले जातात आणि एक बंद वलय तयार होते. त्यातून वाहणारा अत्यल्प प्रवाह ध्वनिसंकेतात मिसळतो, अ‍ॅम्प्लिफायर तो अनेक पटींनी वाढवतो आणि स्पीकरमधून खर्जातील घरघर उमटते. तंत्रज्ञ याला ‘ग्राउंड लूप’ म्हणतात.

केबल टीव्हीची तार हे याचे एक नेहमीचे कारण आहे. ही तार इमारतीच्या दुसऱ्या ठिकाणचे अर्थिंग घरात आणते आणि सेट टॉप बॉक्समार्फत ते ध्वनिसंचापर्यंत पोहोचते.

दोष शोधण्याची रीत सोपी आहे. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून त्याला येणाऱ्या ध्वनिसंकेताच्या सर्व तारा काढाव्यात आणि तो पुन्हा सुरू करावा. घरघर थांबली असेल, तर एकेक तार जोडत जावी. ज्या तारेने आवाज परत येतो, वलय तिथे आहे. प्रत्येक तार जोडण्यापूर्वी अ‍ॅम्प्लिफायर बंद करणे आवश्यक आहे. अन्यथा मोठा धमाका होऊन स्पीकर निकामी होऊ शकतो.

वीज एकाच ठिकाणाहून

सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे संचातील सर्व उपकरणांना एकाच सॉकेटवरून, एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डमधून वीज देणे. अर्थिंगचा बिंदू एकच झाला की दाबातील फरक जवळजवळ उरत नाही. त्यासाठी भाराचा हिशेब पाहावा. ६ अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला जास्तीत जास्त १,३८० वॅट घेता येतात. घरगुती अ‍ॅम्प्लिफायर, टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स यांना ते साधारणपणे पुरेसे असतात. त्याच बोर्डावर इस्त्री किंवा हीटर मात्र लावू नये. एका एक्स्टेन्शन बोर्डला दुसरा बोर्ड जोडणेही टाळावे. बोर्डाच्या वायरचे भेंडोळे करून ते कपाटामागे कोंबल्यास भार वाढताच वायर तापते.

एवढे करूनही घरघर राहिली, तर वलय ध्वनिसंकेताच्या बाजूने तोडता येते. टीव्हीचा आवाज ऑप्टिकल केबलने घेतल्यास दोन उपकरणांत केवळ प्रकाश जातो, विजेची जोडणी राहत नाही. केबल टीव्हीच्या तारेसाठी आणि ध्वनिसंकेताच्या तारेसाठी आयसोलेटरही मिळतात. रेकॉर्ड प्लेअर असेल, तर त्याची स्वतंत्र बारीक ग्राउंड वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या ठरलेल्या स्क्रूला जोडली आहे ना, हे पाहावे.

अर्थिंगची पिन का काढू नये?

तीन पिनांच्या प्लगमधील अर्थिंगची पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब असते. त्यामुळे ती सर्वांत आधी जोडली जाते व सर्वांत शेवटी सुटते. उपकरणात बिघाड होऊन फेजची वायर धातूच्या पेटीला चिकटली, तर प्रवाह अर्थिंगमधून जमिनीत जातो आणि फ्यूज किंवा एमसीबी वीज तोडतो. पिन काढलेली असल्यास ती पेटी २३० व्होल्टवर तशीच राहते. ध्वनिसंकेताच्या तारांच्या आवरणातून हा धोका जोडलेल्या इतर उपकरणांपर्यंतही पोहोचू शकतो. काही उपकरणे मुळातच दोन पिनांची असतात. त्यांना दुहेरी इन्सुलेशन असते आणि चौकोनात चौकोन असे चिन्ह त्यांच्यावर छापलेले असते. त्यांची गोष्ट वेगळी.

जुन्या घरांत सॉकेट तीन छिद्रांचे असूनही मागे अर्थिंगची वायर नसते. परवानाधारक वायरमनकडून याची तपासणी करून घ्यावी. मुख्य फलकावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवल्यास संरक्षण आणखी वाढते.

तारांची मांडणी

विजेच्या वायर आणि ध्वनिसंकेताच्या तारा एकत्र बांधू नयेत. विजेच्या वायर रॅकच्या एका बाजूने, तर ध्वनिसंकेताच्या तारा दुसऱ्या बाजूने न्याव्यात. त्या एकमेकींना ओलांडत असतील, तर काटकोनात ओलांडाव्यात. ध्वनिसंकेताची तार गरजेपुरतीच लांब असावी. स्पीकरच्या वायरची जाडी अंतरानुसार ठरवावी. १० मीटरवरील स्पीकरला १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरल्यास जाण्यायेण्याचा मिळून सुमारे ०.३४ ओहम रोध होतो, २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये तो ०.१४ ओहमपर्यंत उतरतो. ४ ओहमच्या स्पीकरला हा फरक जाणवू शकतो. तारा आवळून बांधण्याऐवजी वेल्क्रोच्या पट्ट्या वापराव्यात आणि प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना नावाची चिठ्ठी लावावी.

विजेतील चढउतार

स्पाइक गार्ड क्षणिक उसळी शोषतो. कायमचा कमी किंवा जास्त दाब तो सुधारत नाही, ते काम स्टॅबिलायझरचे आहे. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ध्वनिसंचातून चिरका आवाज येऊ शकतो, म्हणून साइन वेव्ह इन्व्हर्टर योग्य ठरतो. विजांच्या कडकडाटात स्पाइक गार्डवर विसंबून राहू नये. वादळाची चाहूल लागताच, विजा सुरू होण्यापूर्वीच, प्लग आणि केबल टीव्हीची तार दोन्ही काढून ठेवाव्यात. किनारपट्टीवरील दमट हवेत प्लग व जोडण्यांवर गंज चढतो, त्यामुळे पावसाळ्यानंतर वीज बंद करून त्या एकदा तपासाव्यात.

ध्वनिसंच सुरू करताना अ‍ॅम्प्लिफायर सर्वांत शेवटी आणि बंद करताना सर्वांत आधी, हा क्रम पाळल्यास स्पीकरला धक्का बसत नाही.